दोन हजार दोनशे सात नंबरचं दार

थोरलीला दवाखान्यात सगळे मशीनवाल्या बाई म्हणत. चौदा वर्षं झाली होती तिला तिथे. डोळ्यांचा दवाखाना, तीन मजली, आणि तळघरात एक थंडगार खोली. त्या खोलीत कपाटाएवढं काळं मशीन अखंड घोंघावत उभं. त्याला सर्व्हर म्हणतात. थोरली कामाला लागली तेव्हा वरच्या खिडकीत बसून पेशंटांची नावं लिहून घ्यायची. मशीन बघायला आठवड्यातून एकदा बाहेरचा एक माणूस यायचा. तो एका आठवड्याला आला नाही, दुसऱ्या आठवड्याला आला नाही. तिसऱ्या आठवड्याला थोरली फोन कानाला लावून खाली उतरली आणि त्यालाच विचारत विचारत तिने बंद पडलेलं मशीन चालू केलं. त्या दिवसापासून ते तिचं झालं. कोणी दिलं नाही, कोणी मागितलं नाही. मांजर जसं आपलं आपण एखादं घर निवडतं आणि मग हाकललं तरी जात नाही, तसं.

पुढचं सगळं ती चुकत, रडत, वह्या भरत शिकली. नवरा म्हणायचा, "माझ्यापेक्षा तुला त्या डब्याची नाडी जास्त कळते."

"तो डबा विचारल्यावर उत्तर तरी देतो," ती म्हणायची.

तर अशी ही थोरली, आणि गेले चार महिने तिच्या पोटात दुखत होतं. औषधाने जाणारं दुखणं नव्हतं ते. दुखण्याचं नाव धाकटी.

धाकटी म्हणजे तिची सख्खी जाऊ. थोरली खाली राहायची, धाकटी वर, आणि स्वयंपाकघर दोघींत एक. धाकटीने कॉम्प्युटरचं रीतसर शिक्षण घेतलेलं, पण लग्नानंतर वर्षभर घरात बसून होती. एक दिवस जेवताना सासूबाई म्हणाल्या, "तू सांग की तुझ्या डॉक्टरांना. घरचीच पोर आहे." थोरलीने सांगितलं. स्वतःच्या तोंडाने सांगितलं, हेच पुढे तिला सगळ्यात जास्त बोचलं. तिला वाटलं होतं, धाकटी वर खिडकीत बसेल, दुपारी दोघी मिळून डबा खाऊ, आणि मशीनचं काही अडलं तर ती खाली येऊन आपल्याला विचारेल. मोठ्या डॉक्टरांनी धाकटीचे कागद बघितले आणि म्हणाले, "अहो बाई, ही तर तळघरात हवी. तुम्हाला मदत होईल." सहा महिने परीक्षेवर घेतलं तिला. सहा महिने नीट गेले तर कायम, नाहीतर घरी.

मदत झाली. तेच तर दुखणं होतं. धाकटी आळशी असती, उद्धट असती, निदान उशिरा तरी येत असती, तर थोरलीचं आयुष्य किती सोपं झालं असतं. पण बाई वेळेवर यायची, हसून बोलायची, आणि ताई, ताई करत मागे असायची. पहिल्याच आठवड्यात तिने मशीनमागच्या वायरींच्या गुंत्याला रंगीत चिठ्ठ्या लावल्या. कुठली वायर कुठे जाते ते बारीक, सुबक अक्षरात. थोरलीला चौदा वर्षांत चिठ्ठी लागली नव्हती, सगळं डोक्यात होतं. आता कोणीही यावं आणि वाचावं. आपल्या कपाटातले कपडे परक्या बाईने घड्या घालून ठेवावेत, आणि त्या घड्या आपल्यापेक्षा चांगल्या निघाव्यात, तसं झालं तिला.

धाकटी टाइप करताना कीबोर्डकडे बघायचीही नाही. थोरली दोन बोटांनी ठोकायची, आणि जोरात ठोकायची, म्हणजे काम चाललंय हे वरपर्यंत कळावं. मोठे डॉक्टर तळघरात उतरले की आधी कोणाकडे बघतात ते ती मोजायची. मार्चमध्ये सात वेळा तिच्याकडे आणि पाच वेळा धाकटीकडे. एप्रिलमध्ये उलटं. मेमध्ये तिने मोजणं सोडलं, म्हणजे नवऱ्याला तसं सांगितलं.

घरीही सुटका नव्हती. सासूबाईंचा फोन अडला तर त्या वरच्या जिन्याकडे तोंड करून हाक मारायच्या.

"मला सांगायचं ना," थोरली म्हणाली एकदा. "मीही केला असता."

"केला असतास गं," सासूबाई म्हणाल्या. "पण मला रागावत केला असतास."

मेच्या शेवटी बाहेरून एक तपासनीस आला. दोन दिवस मशीनपाशी बसला आणि चार पानांचा अहवाल देऊन गेला. त्यातला पहिलाच मुद्दा असा, की मशीनचं लांबून आत शिरायचं दार बदला.

हे दार म्हणजे काय, तर मशीनमध्ये शिरायला दर वेळी तळघरात उतरावं लागत नाही. घरून, दुसऱ्या शाखेतून, आपापल्या कॉम्प्युटरवरून लॉगिन करून आत जाता येतं. त्यासाठी मशीनला एक दार असतं आणि दाराला नंबर असतो. त्याला पोर्ट म्हणतात. बहुतेक मशीनचं हे दार बावीस नंबरचं, म्हणून चोरही नेमके बावीस नंबरवरच येऊन कडी वाजवतात. दवाखान्याच्या मशीनवर दिवसाला दहा-बारा हजार वेळा कडी वाजायची. कुलूप भक्कम होतं, आजवर कोणी आत आलं नव्हतं. पण तपासनीस म्हणाला, नंबरच बदला, कटकट कमी होईल. दवाखान्याच्या आणखी दोन शाखा होत्या. तिथे काढलेले डोळ्यांचे फोटो याच दारातून आत यायचे आणि ते बघून डॉक्टर ऑपरेशन ठरवायचे. म्हणजे दार बदललं की दोन्ही शाखांनाही नवा नंबर कळवणं आलं.

"दोघी मिळून करा," मोठे डॉक्टर थोरलीला म्हणाले. "त्या धाकट्या बाईंना हे नवं सगळं ठाऊक असेल. त्यांना विचारून घ्या."

थोरली ते 'विचारून घ्या' घेऊन तळघरात उतरली, आणि विचारलं कोणालाच नाही.

जूनच्या शेवटच्या आठवड्यात, गुरुवारी, धाकटी लांबच्या शाखेत गेली होती. थोरलीने नेमका तोच दिवस धरला. नवा नंबर ठरवला दोन हजार दोनशे सात. बावीसच्या पुढे शून्य सात, विसरायला नको. एका फाइलमध्ये आकडा बदलायचा, फायरवॉल म्हणजे बाहेरची जी भिंत, तिच्यात त्या नंबरापुरती वाट मोकळी करायची, आणि दारावर बसणारा जो प्रोग्राम, तो बंद करून पुन्हा चालू करायचा. पाच मिनिटांचं काम.

प्रोग्राम बंद झाला. चालू होईना.

स्क्रीनवर लाल अक्षरांत आलं: या दारावर बसता येत नाही, परवानगी नाही.

थोरलीने पुन्हा केलं. पुन्हा परवानगी नाही. ती आत शिरली होती ती मशीनची मालकीण म्हणून, सगळे हक्क पदरात घेऊन. मालकिणीलाच परवानगी नाही म्हणजे कमाल झाली.

"मग कोणाची आणू परवानगी?" ती मशीनला म्हणाली. खोलीत दुसरं कोणी नव्हतं म्हणून बोलली.

तासभर तिने जंग जंग पछाडलं. फाइलचे हक्क बदलून पाहिले, भिंतीतली वाट पुन्हा तपासली, आकडा खोडून तोच आकडा पुन्हा लिहिला. शेवटी इंटरनेटवर शोधता शोधता उलगडलं. या मशीनच्या आत एक पहारेकरी असतो, एसई-लिनक्स त्याचं नाव. त्याच्यापाशी एक यादी असते, कुठल्या प्रोग्रामने कुठल्या दारावर बसायचं त्याची. यादीत नसेल तर तो मालकाचंही ऐकत नाही. इमानी खरा, पण आडमुठा. बावीस नंबरवर बसणाऱ्या गड्याला तो वर्षानुवर्षं ओळखत होता. तोच गडी उठून दोन हजार दोनशे सातवर बसायला गेला, तर याने आडवा हात घातला. आजवर थोरलीने दार हलवलंच नव्हतं, म्हणून या पहारेकऱ्याशी तिची कधी गाठ पडली नव्हती.

करायचं होतं एवढंच, की त्याच्या यादीत एक नोंद घालायची. ती कशी घालतात ते थोरलीला येत नव्हतं. ज्या बाईला येत होतं ती लांबच्या शाखेत होती, आणि तिचा फोन तिच्या खिशात होता. थोरलीने आपला फोन काढला. धाकटीचं नाव समोर आणलं. मग फोन पुन्हा खिशात टाकला.

इंटरनेटवर कोणा भल्या माणसाने लिहून ठेवलं होतं, पहाराच बंद करा, लगेच चालेल. एका ओळीचं काम. थोरलीने ती ओळ दोन बोटांनी ठोकली आणि दार झटक्यात उघडलं. दोन्ही शाखांना नंबर कळवला, फोटो येऊन पडायला लागले. ती वर गेली आणि डॉक्टरांना म्हणाली, "झालं. एकटीनेच केलं."

"वा, बाई," डॉक्टर म्हणाले.

तो 'वा' तिने दिवसभर गोळीसारखा गालात ठेवून चघळला.

एक गोष्ट मात्र तिने त्याच पानावर खाली वाचली होती. असा बंद केलेला पहारा तेवढ्यापुरताच बंद राहतो. मशीन बंद करून पुन्हा सुरू केलं की पहारेकरी आपोआप कामावर हजर, यादी हातात घेऊन. बघू पुढे, म्हणून तिने ते सोडलं.

संध्याकाळी धाकटी वाटाणे सोलायला समोर बसली.

"दार बदललंत म्हणे, ताई. पहाऱ्याने त्रास नाही दिला?"

"कसला पहारा?"

"अडवतो काही वेळा."

"मला नाही अडवलं," थोरली म्हणाली, आणि एक चांगला टपोरा वाटाणा तिच्या हातून सालांच्या ढिगात गेला.

महिन्याच्या शेवटच्या शनिवारी मशीनला नव्या दुरुस्त्या लावून ते एकदा बंद-चालू करायचं, हे काम धाकटीचं होतं. तारीख दोघींनी मिळून ठरवलेली, तळघराच्या भिंतीवर लिहिलेली. थोरलीला शुक्रवारी ते आठवलं. धाकटी जरा वर गेली की गुपचूप निस्तरू, असं तिने ठरवलं. पण त्या दिवशी धाकटी जागची हलली नाही. डबासुद्धा खुर्चीतच खाल्ला तिने, आणि उकडलेल्या अंड्यातलं अर्धं थोरलीला दिलं.

शनिवारी दोघींना सुट्टी. धाकटी वरच्या खोलीतून आपल्या कॉम्प्युटरवरूनच ते काम करणार होती. थोरली खाली भाजी चिरत होती. दहाच्या सुमाराला वरून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. थोरली सुरी हातात घेऊन तशीच उठली आणि जिना चढायला लागली. तिसऱ्या पायरीवर थांबली.

आता सांगावं तर गुरुवारचं सगळं सांगावं लागणार. अडवलं होतं, जमलं नव्हतं, पहारा काढून टाकला, वाटाणे सोलताना तोंडावर खोटं बोलले. आणि ती काय म्हणणार? 'असू दे हो ताई' म्हणणार, हसून. थोरलीला ते हसू जिन्यातूनच दिसलं. ती तिथेच उभी राहिली, हातातल्या सुरीला चिकटलेला कांदा बघत. किती वेळ उभी होती ते तिलाही सांगता आलं नसतं. मग ती खाली उतरली.

दहा मिनिटांनी धाकटी आली ती तोंडचं पाणी पळाल्यासारखी.

"ताई, मशीन उठलंय, पण आत जाता येत नाही. नवं दार बंद आहे, जुनंही बंद आहे."

"नीट बघितलंस?"

"दहा वेळा बघितलं. शाखांचे फोटो पण थांबलेत."

तेवढ्यात मोठ्या डॉक्टरांचाच फोन आला. धाकटीने तो दोघींना ऐकू येईल असा टेबलावर ठेवला. सोमवारच्या ऑपरेशनांसाठी अकरा पेशंटांचे फोटो आज बघायचे होते आणि एकही आलेला नव्हता.

"मशीन कोणी बंद-चालू केलं?"

"मी," धाकटी म्हणाली.

"गुरुवारी बाईंनी सगळं व्यवस्थित लावून दिलं होतं. दोन दिवस चाललं. तुम्ही हात लावलात आणि बंद." डॉक्टर आवाज चढवत नसत. तसे ते जास्त जड वाटत. "चार वाजेपर्यंत मला फोटो हवेत. आणि एक सांगून ठेवतो, ज्याने हे बंद पाडलं त्याच्या हातात मी मशीन पुन्हा देणार नाही. तुमचे सहा महिने अजून पुरे व्हायचेत, लक्षात असू द्या."

थोरली टेबलापाशीच उभी होती. तोंड उघडलं असतं तर फोनमध्ये ऐकू गेलं असतं, इतकी जवळ. तिने उघडलं नाही. आत कुठेतरी, अगदी तळाशी, एक गार झुळूक आली. चार महिन्यांत पहिल्यांदा. लाजही वाटली तिला, नाही असं नाही. पण झुळूक होती गार.

बाहेरून दार लागलेलं, म्हणजे आता मशीनसमोर जाऊन उभं राहणं आलं. दोघी बसने दवाखान्यात गेल्या. वाटेत धाकटी खिडकीबाहेर बघत बसली होती आणि अंगठ्याचं नख कुरतडत होती. थोरलीने ते नख बघितलं. एरवी सुबक असायची तिची नखं.

तळघरात त्यांनी मशीनला स्क्रीन आणि कीबोर्ड जोडला. धाकटी खुर्चीत बसली, थोरली मागे उभी.

"दारावरचा प्रोग्राम पडलेला आहे," धाकटी म्हणाली. "उठवला की लगेच पडतो. आधी फाइल बघते." फाइल तिने तपासली. "फाइल बरोबर आहे. एक अक्षर चुकलेलं नाही. तुमचं काम चोख आहे, ताई."

थोरलीने स्क्रीनची वायर उगाच पुन्हा खोचली.

"भिंतीतली वाट उघडी आहे. तीही तुम्ही कायमची करून ठेवलीत, छान केलंत." आणखी थोडं टाइप केलं. "हं. हे बघा. दारावर बसायला परवानगी नाही. म्हणजे पहाराच आहे." ती थांबली. "पण मग गुरुवारपासून चाललं कसं?"

थोरली वायरींवरच्या रंगीत चिठ्ठ्या वाचायला लागली. निळी, लांबची शाखा. पिवळी, जवळची शाखा.

पहारेकरी रोजनिशी ठेवतो. कोण कधी आलं, कोणी काय केलं, सगळं त्यात उतरतं. लॉग म्हणतात त्याला. धाकटी तो लॉग उलटा वाचत गेली. शनिवार, शुक्रवार, गुरुवार. गुरुवारी अकरा वाजून बेचाळीस मिनिटांनी पहारा बंद केल्याची ओळ होती, आणि त्या सुमाराला मशीनमध्ये शिरलेलं माणूस एकच, थोरली. धाकटीचं बोट त्या ओळीवर क्षणभर थांबलं. मग तिने पान भर्रकन खाली नेलं.

"असो," ती म्हणाली. "आधी दार उघडू."

तिने वाचलं हे थोरलीने बघितलं. आपण बघितलं हे तिलाही कळलं असणार. पुढचे दोन तास दोघी त्या ओळीला वळसा घालून बोलत राहिल्या.

पहिली अडचण ही निघाली की यादीत नोंद करायचं जे हत्यार लागतं, तेच मशीनवर नव्हतं. ते बाहेरून उतरवून घ्यावं लागलं. तोवर थोरलीने वरच्या मजल्यावरून दोन कप चहा आणला. एरवी ती एकच आणायची. मग धाकटीने नोंद घातली: दोन हजार दोनशे सात, लॉगिनचं दार. मशीनने ती नाकारली.

"आता काय?" थोरली म्हणाली.

धाकटी हसायला लागली. "ताई, तुमचा नंबर आधीच कोणाच्या तरी नावावर आहे. प्रिंटरच्या."

"आपल्या कुठल्या प्रिंटरच्या?"

"आपल्या नाही. यादी बनवणाऱ्यांनीच पहिल्यापासून लिहून ठेवलाय, कधी तसला प्रिंटर आला तर असू दे म्हणून. कोणी बसत नाही तिथे, पण नाव आहे."

"मग खोड ते नाव."

"खोडू देत नाही तो. आणि नवी नोंदही घेत नाही, एका नंबरावर दोन कशा घेईल? जुनीच बदलायची. 'जोड' नाही म्हणायचं, 'बदल' म्हणायचं."

"एवढंच?"

"एवढंच. टाइप करताना एका इंग्रजी अक्षराचा फरक."

थोरलीला वाटलं, गुरुवारी हे हत्यार हाताशी असतं तरी आपण 'जोड, जोड' म्हणत त्या आडमुठ्याशी संध्याकाळपर्यंत भांडलो असतो. हे तिने मनातच ठेवलं. धाकटीने 'बदल' म्हटलं आणि पहारेकऱ्याने निमूट ऐकलं. प्रोग्राम उठला आणि उभा राहिला. तीनला वीस मिनिटं होती.

"आता मशीन पुन्हा बंद-चालू कर," थोरली म्हणाली.

"पुन्हा?"

"राहतंय का ते बघ. चाललं म्हणून सोडून दिलं तर काय होतं ते कळलं ना."

धाकटीने मान वळवून तिच्याकडे बघितलं आणि मशीन बंद केलं. चार मिनिटं दोघी काळ्या स्क्रीनकडे बघत राहिल्या. मशीन उठलं, पहारेकरी उठला, त्याने यादी बघितली आणि गड्याला दारावर बसू दिलं. दोन्ही शाखांचे अडकलेले फोटो धपाधप पडायला लागले.

धाकटीने खुर्ची मागे सरकवली. "ताई, मी डॉक्टरांना सांगते, बंद-चालू केल्यामुळे झालं. ते काही खोटं नाही."

"आणि तुझे सहा महिने?"

"बघू. मला मिळेल दुसरीकडे कुठेतरी. तुमची चौदा वर्षं आहेत इथे."

थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला. वायरींच्या चिठ्ठ्या हिच्या चांगल्या. बोटं हिची चांगली. सासूबाईंचा फोन हिने सुधारला तर न रागावता. ते सगळं तिने गिळलं होतं. पण आता मनही हिचंच मोठं निघणार, आणि आपण जन्मभर एकाच स्वयंपाकघरात, हिने झाकून घेतलेली बाई म्हणून वावरणार? रोज सकाळी हिच्या हातचा चहा, आणि त्या चहात हे? छे. नोकरी गेली तरी चालेल, पण एवढं मोठेपण तिला मिळू द्यायचं नाही. निदान यात तरी नाही.

तिने फोन काढला आणि या वेळी खिशात परत टाकला नाही.

"डॉक्टर, दार उघडलं. फोटो येतायत," ती म्हणाली. "आणि ऐका. ते बंद मी पाडलं होतं. गुरुवारी मला नीट जमलं नाही, म्हणून मी आतला पहारा काढून ठेवला. कोणाला सांगितलं नाही. मशीन बंद-चालू केलं की बिघडणार हे मला माहीत होतं. हिला माहीत नव्हतं."



"बाई, सकाळी मी काय म्हणालो होतो?"

"ऐकलं होतं मी. तिथेच उभी होते."

"सोमवारी या," डॉक्टर म्हणाले.

बसस्टॉपवर दोघी शेजारी उभ्या राहिल्या. बस लवकर येईना.

"का सांगितलंत, ताई?"

"तुझ्यावर प्रेम उतू चाललं म्हणून नाही."

"ते माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"मी तुम्हाला आवडत नाही ते. घरात सगळ्यांनाच माहीत आहे. सासूबाई तर मला म्हणाल्या, तिच्यासमोर जरा चुकत जा."

थोरलीने तिच्याकडे बघितलं. "मग चुकली का नाहीस?"

"प्रयत्न केला," धाकटी म्हणाली. "जमेना."

ही थट्टा होती की खरं, ते थोरलीला बस येईपर्यंत कळलं नाही, आणि बस आल्यावर तिने विचारलं नाही.

सोमवारी डॉक्टरांनी शब्द पाळला. धाकटीला दोन महिने आधीच कायम केलं आणि मशीन तिच्या नावावर लिहिलं. थोरलीला तळघरातून हलवलं नाही, पण कुठल्याही कामाला आता धाकटीची सही लागणार होती. थोरली हो म्हणाली. वर खिडकीत जायचं असेल तर तसंही करू, असं डॉक्टर म्हणाले तेव्हा मात्र ती नको म्हणाली, आणि ते जरा घाईघाईने म्हणाली. जिना उतरताना मधल्या वळणावर ती भिंतीला हात लावून थांबली, आणि वरून कोणी येतंय असं ऐकू आल्यावर उतरली.

मग पासवर्ड द्यायची वेळ आली. चौदा वर्षांत तिने एकही पासवर्ड कागदावर उतरवला नव्हता. धाकटी खुर्चीत बसली, थोरली शेजारच्या स्टुलावर, आणि एकेक सांगत गेली. धाकटीने तो टाकून बघायचा, चालला की कुलूपबंद यादीत ठेवायचा. एक होता नवऱ्याच्या पहिल्या स्कूटरचा नंबर. एक लेकीचा पहिला दात आला ती तारीख. एक त्या न येणाऱ्या माणसाचं नाव, पुढे एक शिवी. धाकटी नजर स्क्रीनवर ठेवून टाइप करत गेली, हसली नाही, काही विचारलं नाही. बारा झाले. तेरावा होता फोटो ठेवायच्या कप्प्याचा. तो थोरलीने एप्रिलमध्ये बदलला होता.

थोरलीने पाण्याची बाटली उचलली, प्यायली, झाकण घट्ट लावलं.

"पुढचा, ताई?"

"तो मी आधी बदलून घेते. मग देते."

"बदलायला आधी जुना टाकावा लागतो."

हे थोरलीलाही माहीत होतं. ती भिंतीकडे बघत राहिली.

"दीडशहाणी," ती म्हणाली.

धाकटीची बोटं थांबली नाहीत. "पुढे आकडा आहे काही?"

"तू कामाला लागलीस ती तारीख."

धाकटीने तारीख ठोकली. तिला आठवावी लागली नाही. मशीन म्हणालं, चूक.

"उघडत नाही, ताई. शेवटी काही चिन्ह आहे का?"

"उद्गारचिन्ह."

"एक?"

"तीन," थोरली म्हणाली.

धाकटीने तीन ठोकली, आणि कप्पा उघडला.